सही न करणाऱ्या हेडाऊ मॅडम

मे महिन्यात भंडाऱ्यात पंखा बंद करायला सांगणारं माणूस एक तर वेडं असतं, नाही तर हेडाऊ मॅडम. मशीनचा सर्किट बोर्ड तपासायला घेतला की त्या पंखा, ट्यूबलाइट आणि सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावत. एकदा खुद्द कंपनीचे मालक घाम पुसत म्हणाले, "मॅडम, जीव जाईल." मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "जीव नाही जात जी, घाम जाते. बसा चूपचाप."

आमची कंपनी स्तनांच्या तपासणीचं एक्स-रे मशीन बनवायची. शरीरातून आरपार आलेल्या किरणांची खूण इतकी क्षीण असते की अम्प्लिफायरनं ती मोठी करावी लागते. पण अम्प्लिफायर स्वतःची खरखरही त्यात मिसळतो, आणि चित्रावर रेती सांडल्यासारखी दिसते. ती खरखर कमी करणं हे मॅडमचं काम, आणि मी त्यांचा मदतनीस इंजिनिअर. बाहेरच्या विजेचा उपद्रव आत जाऊ नये म्हणून त्यांनी गावातल्या पितळी भांडी घडवणाऱ्याकडून बोर्ड आत ठेवायला घट्ट झाकणाचे डबे करून घेतले होते. झाकण सैल निघालं की त्या कारागिराशी भांडत, मग माझ्याशी, आणि उरलंसुरलं भांडण घरी नेत.

मॅडमचे वडील विणकर. कोणी एखाद्या गोष्टीची फार तारीफ केली की मॅडम म्हणत, "आमचे बाबा सांगत, कापड पाहाचं तं खळ द्याच्या आधी पाहाचं. खळ देल्यावर विरळ बी गच्च दिसते."

मशीन बाजारात आणायची घाई सुरू झाली. खरखर अजून हवी तितकी उतरली नव्हती. मालकांनी तोड काढली: सॉफ्टवेअरनं चित्र गुळगुळीत करायचं आणि मशीन पाठवून द्यायचं. पडद्यावरचं चित्र पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम ताडकन उठल्या.

"टाळ्या कायले वाजवून राहिले? खरखर पुसता पुसता खरा ठिपका बी पुसल्या जाते. कॅन्सरची सुरुवात तेवढ्याशा ठिपक्यातच दिसते. मले थोडा वेळ द्या, मी अम्प्लिफायरमधेच खरखर कमी करून देईन."

"गिऱ्हाइकाला स्वच्छ चित्र लागतं, मॅडम. मशीन पास म्हणून तुम्ही फक्त सही करा," मालक म्हणाले.

"नाही करत. काहून करू? तुमच्या घरच्या बाईले याच मशीनवर तपासाल का?"

मालकांनी कागद उचलून नेला. सही दुसऱ्याच कोणीतरी केली. मॅडमना काढलं, आणि कारण काय दिलं, तर 'स्वभाव जुळत नाही'! बाईमाणूस खरं बोललं की आपल्याकडे लगेच तिचा स्वभाव निघतो. त्या शब्दाची मला आजही चीड येते. मॅडमनी आपला सोल्डरिंग आयर्न पिशवीत टाकला आणि चालू लागल्या. थोड्याच दिवसांत मीही ती नोकरी सोडली.

यंदा माझ्या बायकोची, नंदाची, तपासणी केली. दवाखान्यात मशीन आमच्याच कंपनीचं. रिपोर्ट आला: काही दोष नाही. मला मॅडमचा तो पुसला जाणारा ठिपका आठवला. मी डॉक्टरांना म्हणालो, "गुळगुळीत न केलेलं मूळ चित्र एकदा दाखवा." ते वैतागले, पण त्यांनी दाखवलं. सगळीकडे रेती, आणि त्या रेतीत एका जागी बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली.

पुढच्या तपासणीत कॅन्सर निघाला. वेळेवर ऑपरेशन झालं. नंदा आता बरी आहे.

मॅडमना फोन केला. 'मी सांगितलं होतं' असं त्या म्हणाल्या नाहीत. नंदाची सगळी विचारपूस केली, जेवते का, झोपते का. मग एकदम आवाज चढला.

"आन् भाऊ, तिच्या आधी ज्या बाया त्या मशीनवरून 'काही नाही' आयकून घरी गेल्या, त्यायले परत कोन बलावून राहिलं?"

मी कंपनीला विचारलं, दवाखान्यालाही विचारलं. अजून एकाही बाईला कोणी बोलावलेलं नाही.