मेमरीच्या पंगतीतले घरचे

मोहाडीच्या बाजाराच्या रस्त्यावर अश्वजितचं फ्लेक्सचं दुकान आहे. पाटीवर दुकानाचं नाव बारीक अक्षरात आहे आणि त्याखाली हातभर अक्षरात एक सवाल: 'भंडाऱ्याले कायले जाता?' या सवालाचं उत्तर अजून कोणाला देता आलेलं नाही. चौदा एप्रिलची कमान असो, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची जाहिरात असो की सरपंचाच्या नातवाचा पहिला वाढदिवस, फ्लेक्स अश्वजितच्या मशिनीतूनच निघतो आणि सांगितल्या वेळेला निघतो.

अश्वजितला बहुतेक सगळं येतं. फक्त 'नाही' हा एक शब्द येत नाही. तो मूळचा करडी गावचा. गावात लग्न कोणाच्याही घरचं असो, पंगतीत वाढायची जबाबदारी त्याच्यावर. भाताचं पातेलं तळाला गेलं तरी जेवत्या माणसाला त्याने आजवर 'पुरे' म्हटलेलं नाही. 'येऊन राहिला, येऊन राहिला' म्हणत तो रांगेतून असा फिरतो की भात न येताही माणसाला वाढल्यासारखं वाटतं.

दुकान मात्र असल्या आश्वासनावर चालत नाही, हे त्याला कळलं ते शालूच्या लग्नात. शालू म्हणजे धानाचे व्यापारी भोजराज यांची एकुलती एक लेक. मांडवाच्या दारावर लावायचा फ्लेक्स भोजराजभाऊंनी स्वतः सांगितला होता. नवरानवरीचे फोटो मध्ये आणि भोवती झाडून सगळे नातेवाईक. एकाचाही फोटो लहान करायचा नाही, कारण मागच्या लग्नात धनीराममामाचा फोटो लहान आला आणि मामा दोन वर्षं बोलले नाहीत. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. भोजराजभाऊ दुपारीच येऊन स्टुलावर बसले आणि व्हॉट्सअॅपवरून एकेक फोटो पाठवू लागले. एकेक फोटो असा जड की तेवढ्यात एखाद्या गावाची मतदारयादी मावली असती.

आत्या, मावश्या, साडू बसवून झाले. धनीराममामा जागेवर ठेवताच चित्राचा अख्खा प्रोग्राम पडद्यावरून नाहीसा झाला. सोबत दुपारभराचं कामही गेलं.

अश्वजित घाबरला नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे आणि ती ऑपरेटिंग सिस्टिम काही लपवून करत नाही. कोणाला काढलं, का काढलं, सगळं लिहून ठेवते. त्याने वाचलं. मेमरी संपली होती. मेमरी संपली की सिस्टिमचा एक वाढपी उठतो, चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांना गुण देतो आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त त्याला पानावरून उठवतो. गुण मिळतात ते मेमरी खाण्याचे. म्हणजे जो सर्वांत जास्त काम करतो तोच सर्वांत जास्त खातो आणि तोच आधी उठवला जातो. हा न्याय पुष्कळ कचेऱ्यांमध्येही पाहायला मिळतो, पण तिथे तो लिहून ठेवत नाहीत.

अश्वजितने हार्ड डिस्कचा एक कोपरा मेमरीला ओसरी म्हणून आधीच दिलेला होता. पण ओसरीवर बसवलेला माणूस जेवतो फार हळू, आणि आता तीही भरली होती. तरी त्याला दुसरा उपाय माहीत होता. प्रत्येक प्रोग्रामच्या गुणांत आपल्या हाताने एक आकडा मिळवता येतो. उणे हजार लिहिलं की वाढपी त्या पानाकडे बघतसुद्धा नाही. त्याने चित्राच्या प्रोग्रामला उणे हजार दिले आणि भोजराजभाऊंना सांगितलं की आता धनीराममामाला कोणी हात लावत नाही.

मामांना खरंच कोणी हात लावला नाही. चित्र पुन्हा जुळलं, छपाई सुरू झाली, नवरदेव कपाळापासून नाकापर्यंत उतरला आणि छपाईचा प्रोग्राम उडाला. अश्वजितने त्यालाही उणे हजार दिले. मग ब्राउझर गेला आणि त्याच्यासोबत व्हॉट्सअॅप. नेमके तेव्हाच भोजराजभाऊ गोपीचंद साडूंचा नवा फोटो पाठवत होते, जुन्यात त्यांचे डोळे मिटले होते म्हणून. ग्राहकाचा फोटो अडकतो म्हणजे काय? ब्राउझरला उणे हजार. मागच्या खोलीत अश्वजितची बायको रश्मी शिवणकाम करता करता याच कॉम्प्युटरवरची गाणी ऐकते. ती बंद पडली तेव्हा तिने नुसतं पडद्याआडून डोकं काढून पाहिलं. तेवढ्यावर गाण्यांनाही उणे हजार मिळाले.

आता सगळे सोयरे झाले होते. उठवण्याजोगं पंगतीत कोणी उरलं नव्हतं. मेमरी पुन्हा भरली, वाढप्याने रांगभर नजर फिरवली, आणि कोणालाच हात लावता येत नाही म्हटल्यावर त्याने मांडवाचा खांब उपटला. म्हणजे डेस्कटॉपच काढून टाकला. त्याच्या आधाराने उभे असलेले सगळे प्रोग्राम एका दमात खाली आले आणि पडद्यावर फक्त पासवर्डची रिकामी चौकट उरली.

दिवस कलला होता. भोजराजभाऊ उठून उभे राहिले. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, असं अश्वजितला वाटलं.

"बाबू, तुयी मेहनत दिसून राहिली मले," ते म्हणाले. "पण उद्या सकाळी पाहुणे येतीन आणि मांडवाचं दार उघडंबोडकं दिसन. भंडाऱ्याची शेवटची गाडी भेटते अजून."

अश्वजितने त्यांना चहापुरतं थांबवलं. चहा होईपर्यंत काही सुचलं नसतं, तर दुकानावरची 'भंडाऱ्याले कायले जाता?' ही पाटी उतरवून फडताळाला लावायच्याच लायकीची राहिली असती. रश्मी चहा घेऊन आली. एक कप भोजराजभाऊंना दिला, एक झेरॉक्ससाठी थांबलेल्या कुंताबाईंना दिला आणि रिकामा ट्रे घेऊन वळली.

"माया चहा?" अश्वजितने विचारलं.

"दूध सरलं," रश्मी म्हणाली. "तुमी त घरचेच."

ती आत गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. अश्वजित मात्र हातातलं सोडून ती गेली त्या दाराकडे बघत राहिला. एवढ्या पंगती त्याने वाढल्या, भात कमी पडला तरी पाहुणा उठला नाही, ते काही त्याच्या गोड बोलण्यामुळे नव्हे. भात सरायला आला की तो घरच्यांना डोळ्याने खुणावत असे आणि घरचे गुपचूप पान सोडून उठत. मागून मिळेल ते खात, नाहीतर पाणी पिऊन निजत. कॉम्प्युटरमध्ये त्याने सगळ्यांना पाहुणे करून टाकलं होतं. घरचं कोणी ठेवलंच नव्हतं.

त्याने मशिन सुरू केली आणि आकडे नव्याने लिहिले. चित्राचा आणि छपाईचा प्रोग्राम, दोघांनाच उणे हजार. डेस्कटॉपच्या आकड्याला हात लावला नाही. गाण्यांना अधिक आठशे. ब्राउझरला अधिक हजार, म्हणजे कमी पडलं की आधी तू. ब्राउझर मेला तरी पुन्हा उघडतो, होता तिथून चालू होतो आणि मनात काही ठेवत नाही. घरच्या माणसाचं हेच लक्षण. हे आकडे दर वेळी आपोआप लागावेत म्हणून त्याने ते एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवले. मग भोजराजभाऊंना म्हणाला, "बसा भाऊ. आता फ्लेक्स निघूनच रायते."

त्याच्या आवाजात असं काही होतं की भोजराजभाऊ बसले. चित्र तिसऱ्यांदा जुळलं. आत्या बसल्या, धनीराममामा बसले, गोपीचंद साडू उघड्या डोळ्यांनी बसले. मशिनने नवरदेवाला कपाळापासून उतरवायला घेतलं. नाक आलं, मिशी आली, शेरवानीचं पहिलं बटन आलं, आणि ब्राउझर गेला. छपाई चालूच राहिली.

"अरे, माया फोटो जाऊन राहिला होता," भोजराजभाऊ मोबाइल पुढे करत म्हणाले. सगळ्यांचे पाठवता पाठवता स्वतःचा त्यांनी शेवटी ठेवला होता. "तुय्या मशिनीनं मलेच काहून उठवलं?"

अश्वजितने आयुष्यात पहिल्यांदाच 'येऊन राहिला' म्हटलं नाही.

"जागा सरली भाऊ. अशा टायमाले घरचेच उठतात," तो म्हणाला. "ब्राउझर पुन्हा उघडतो मी, तुमी फोटो पाठवा. छपाई थांबवून खालच्या कोपऱ्यात बसवतो."

भोजराजभाऊंनी मोबाइलवरचा आपला फोटो एकदा पाहिला. फेटा बांधलेला होता, चांगला आला होता. मग त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

"राहू दे," ते म्हणाले. "पोरीचा बाप फ्लेक्सवर कायले पायजे? तो त दारातच उभा रायते."

शालूचं नाव निघालं, खालची फुलांची वेलबुट्टी निघाली. फ्लेक्स गुंडाळून झाला तेव्हा भोजराजभाऊंनी तो दुसऱ्या कोणाला उचलू दिला नाही. स्वतःच खांद्यावर घेतला.