विहिरीच्या काठावर दिलेला शब्द

माझी काकू कंपनीच्या रोपवाटिकेत निलगिरीची रोपं वाढवते आणि काका विहिरी खोल करतात. गावाभोवतीचं जंगल तोडून कंपनीनं नजर जाईल तिथवर एकच झाड लावलं. तेव्हापासून विहिरींनी तळ गाठला आणि काकांच्या धंद्याला बरकत आली. काका म्हणायचे, “तू पाणी संपव, मी शोधतो. घरात दोघांच्याही हाताला काम.” काकू हसायची नाही. मला तर त्या झाडांचा रागच येतो. ना पाखरू, ना धड सावली, ना गुरांना पाला.

यंदा आमचीच विहीर आटली. काकूनं आधी कंदील खाली सोडून पाहिला. वात विझली नाही, म्हणजे आत हवा होती. मग कमरेला दोर बांधून काका उतरले. दोराचं दुसरं टोक काकूच्या आणि माझ्या हातात. विहिरीच्या दगडी बांधकामातून निलगिरीची मुळं आत घुसली होती. वाटेत येतात म्हणून काकांनी ती कोयत्यानं छाटायला घेतली. दगड आता त्या मुळांनीच धरून ठेवलेत, हे विहिरीत जन्म घालवलेल्या माणसाच्याही ध्यानात आलं नाही.

आधी माती भुरभुरली. मग एक दगड निखळला आणि त्याच्यामागे अख्खी रांग कोसळली. काकूनं हाका मारल्या, खालून ओ आली नाही. दोर ओढावा, तर काका दगडाखाली अडकलेले असले तर? काकू खाली वाकली.

“अहो, तुम्ही फक्त वर या. उद्यापासून मी त्या झाडांना हात लावणार नाही.”

दोराला हिसका बसला. आम्ही जीव खाऊन ओढलं. काका रक्तबंबाळ होऊन वर आले, उजवा खांदा मोडलेला. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि पुन्हा विहिरीत उतरायचं नाही म्हणून बजावलं. विहीर बुजली ती बुजलीच.

सोमवारी काकू कामावर निघाली.

“झाडांना हात लावणार नाही म्हणाली होतीस,” काका अंथरुणातून म्हणाले.

“तुम्ही वर आलात ना,” काकू म्हणाली. “आता दोघांनी खायचं काय?”

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तिच्यासोबत रोपवाटिकेपर्यंत गेले. कंपनीच्या बोअरला धो धो पाणी होतं. काकूनं पाइप उचलला आणि रांगेतल्या पहिल्या रोपापासून पाणी घालायला सुरुवात केली. घरी त्या दिवशी प्यायलाही पाणी नव्हतं.