कर्णेवाल्याचे कान

१४ मार्च. सकाळी ऊन. अकरा वाजता ह्यांच्या जहाजावरचे एक खलाशी ह्यांची बॅग घेऊन आले. दोन सदरे, दाढीचं सामान, चष्मा. कानात घालायच्या बोळ्यांचं पाकीट, न फोडलेलं.

त्या सकाळी डायरीत एवढंच लिहिलं. शाळेत सिस्टरांनी शिस्तच तशी लावली होती: घडलं तेवढं लिहावं, रडगाणं गाऊ नये. उरलेलं आज, सात वर्षांनी लिहिते आहे.

हे जहाजावर विजेची कामं बघत. चाच्यांच्या होड्या जवळ येऊ लागल्या की त्यांच्यावर रोखायचा मोठा कर्णा ह्यांच्याच ताब्यात. आधी त्यातून ‘दूर व्हा’ अशी ताकीद, मग कानठळ्या बसवणारी शिटी. दर आठवड्याला तो वाजवून बघायचे, तेही बोळे न घालता. “बोळे घातले तर आवाज फाटतोय ते कळणार कसं?” सगळे त्यांना कर्णेवाला म्हणत.

हळूहळू ऐकू येणं कमी झालं. हसून म्हणायचे, “अगं, तुझं निम्मंच ऐकू येतं, म्हणून तर संसार टिकलाय.”

“निम्मं तरी कधी ऐकलंत?” मी म्हणायची.

पण कानांच्या तपासणीत नापास झाले असते, तर नोकरी संपली असती. तपासणीच्या आदल्या दिवशी नुसते खुर्चीत बसून होते. “किनाऱ्यावर मी करू काय गं?”

मला ते बघवेना. त्याच्या चार वर्षं आधी अशाच तपासणीहून आल्यावर त्यांनी गंमत म्हणून सांगितलं होतं, कानात शिट्या कोणत्या क्रमाने वाजतात, मध्ये किती थांबतात. मी सवयीने ते डायरीत उतरवलं होतं. ते पान मीच शोधून काढलं. ओट्यावर चमच्याने ठोके देत मीच त्यांच्याकडून ते घोटून घेतलं. तपासनीस तोच निघाला, क्रमही तोच. पास होऊन आले तेव्हा दारातूनच हात उंचावला होता.

१४ मार्चच्या त्या सकाळी खलाशी पाण्याचा पेला नुसता धरून बसले होते. “वहिनी, तीन होड्या होत्या. शिटीला दाद देईनात. सगळ्यांनी खालच्या खोलीत जायचं म्हणून घंटा झाली. दार लावताना मी ओरडलो, ‘कर्णेवाले, आत या!’ तीनदा. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कर्णा धरून उभेच. मग गोळी लागली.” त्यांनी डोळे पुसले. “असा शूर माणूस नाही बघितला. पण मी चौथी हाक मारायला हवी होती हो.”

चार काय, चाळीस हाका मारल्या असत्या तरी ह्यांना ऐकू गेल्या नसत्या. हे त्यांना सांगणं माझ्याच हातात होतं. मी आत गेले, चहा ठेवला, फडताळातल्या डायऱ्यांकडे बघत उभी राहिले. चहा त्यांना दिला. सांगितलं नाही. दारात वाकून नमस्कार करून ते गेले, चौथ्या हाकेचं ओझं घेऊन.

संध्याकाळची ओळ अशी आहे: दूध उतू गेलं. शेगडी पुसून घेतली.