आईच्या नावचं पार्सल

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेकांवर मनातल्या मनात फुली मारते, हे आधीच सांगितलेलं बरं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर भोईवाड्यातल्या आमच्या खोलीतून देव्हारा, ताईत, उतारे सगळं एका दिवसात बाहेर गेलं. मी म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होते. कारण नसलेली गोष्ट जगात घडत नाही, हे मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं आणि आजही तेच शिकवीन. तरी हे लिहिते आहे, कारण इतक्या वर्षांनंतरही माझा राग गेलेला नाही. भीती मला तेव्हाही वाटली नव्हती... रागच होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. धाकटा भाऊ प्रभाकर स्कॉलरशिपवर इंग्लंडला शिकत होता. आईनं तीस वर्षं गिरणीत वाइंडिंग खात्यात काढली होती. तुटलेला धागा बोटांच्या एका फिरकीत जोडायचा, एवढंच काम – दिवसातून शेकडो वेळा. ती गाठ इतकी बारीक बसायची की नखानं शोधावी लागे, आणि सुटायची नाही. पदराच्या टोकाला दोन लवंगा बांधायची तीही दोऱ्यानं, त्याच गाठीनं. मला ती गाठ कधी जमली नाही.

त्या थंडीत आईनं अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं, दोन गोधड्या घालूनही हुडहुडी थांबत नव्हती. प्रभाकरला कळवलं, तर त्याचं पत्र आलं की लोकरीची शाल पार्सलनं निघाली आहे, आणि मुद्दाम आईच्या नावावर पाठवली आहे. आईच्या नावानं तोवर घरी एक कागदसुद्धा आला नव्हता. त्याला वाटलं, तिला बरं वाटेल. तसं ते वाटलंही. मी शाळेतून आले की पहिला प्रश्न, "आला काय गो माझा पार्सल?"

आलं होतं. बंदराजवळच्या एका कचेरीत पडून होतं. परदेशी पार्सल बोटीवरून उतरलं की कस्टम्सच्या माणसासमोर ते फोडतात. पाठवणाऱ्यानं वर चिकटवलेल्या कागदावर जे लिहिलं असेल ते आतल्या वस्तूशी ताडून पाहतात, जकात ठरवतात आणि पुन्हा बांधून लाखेचं सील करतात. आम्हाला आलेल्या नोटिशीत लिहिलं होतं – लोकरीची शाल एक, नवीन, दुकानाची चिठ्ठी लावलेली. लिहिलेली किंमत कमी वाटते, तरी ज्याच्या नावे पार्सल आहे त्यानं हजर राहून खुलासा करावा.

मी गेले. तिथल्या एक्झामिनरचं नाव सबनीस म्हणू. माणूस उद्धट नव्हता, तेच जास्त वाईट. आई उठू शकत नाही म्हटल्यावर म्हणाले, तिचं अधिकारपत्र आणा. दुसऱ्या दिवशी आईचा अंगठा घेतलेलं पत्र नेलं. त्यावर गॅझेटेड ऑफिसरची सही हवी होती. ओळखीपाळखीनं ती मिळवायला आठवडा गेला. मग सबनीसांनी कागद खिडकीकडे धरला आणि म्हणाले, ठसा स्पष्ट नाही, रेघा दिसत नाहीत.

रेघा नव्हत्याच. तीस वर्षं त्या अंगठ्यावरून धागा गेला होता. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, नियम मी केलेले नाहीत. स्पष्ट ठसा आणा, पार्सल घेऊन जा."

मी घरी येऊन आईचा अंगठा पुन्हा शाईत बुडवला. पाच कागद वाया घालवले. पाचही कागदांवर नुसता काळा डाग. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माझाच हाय गो तो अंगठा." त्यातला बरा डाग घेऊन निघाले त्या दिवशी मुंबई बंद होती. तो बंद माझाही होता, म्हणून त्याचा राग करता आला नाही.

बंदच्या दिवशी दुपारी आईनं गोधड्या पायानं खाली ढकलल्या. मी पुन्हा घालायला गेले तर हात धरला.

"नको त्या. जड होतात. ही पुरे."

"ही कुठली?"

"पर्भाकरची."

अंगावर नुसतं लुगडं होतं. मी वैतागलेली होते, दमलेली होते. म्हटलं, "आई, अजून आली नाही ती. कचेरीत आहे."

"तुझी कचेरी तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली आणि हसली. थोड्या वेळानं दोरा मागितला. मी रीळ दिलं आणि भांडी घासायला मोरीकडे वळले. शहर सुरळीत होऊन कचेरी उघडायला तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांत तिला हुडहुडी भरली नाही. हात ऊबदार होते. पार्सलबद्दल तिनं पुन्हा एकदाही विचारलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. अंघोळ घालताना पाहिलं, तिच्या पदराच्या टोकाला गाठ नव्हती, लवंगा नव्हत्या. तेव्हा त्याचा अर्थ लावायचं सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात मृत्यूचा दाखला घेऊन गेले. दाखला मात्र स्पष्ट होता, त्यामुळे काम लगेच झालं. सबनीसांनी जाळीच्या कपाटातून पार्सल काढायला लावलं, वरचं सील मला दाखवलं. लाख अखंड, त्यांचाच शिक्का. टपालाच्या माणसानं दोरी कापली.

शाल घडीची नव्हती. गोळा करून ठेवल्यासारखी होती, मधे चुरगळलेली. दुकानाची चिठ्ठी टाचणीला तशीच होती. लोकरीत लांब पांढरे केस अडकलेले होते. सबनीस म्हणाले, "ही तर वापरलेली आहे."

मी आयुष्यात कचेरीत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. कुणी पांघरली ही, म्हणून विचारलं. माझी आई तिकडे थंडीनं कुडकुडत होती आणि तुमच्यापैकी कोण इथे दुपारी हिच्यात लोळत होतं? सगळं ऑफिस उभं राहिलं. सबनीस पांढरे पडले होते. पुन्हा पुन्हा सील बघत होते, स्वतःच लिहिलेला पहिला कागद बघत होते. "मी हातानं घडी उलगडून बघितली होती, बाई. नवी होती," ते म्हणाले. पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात नियम ऐकू आला नाही.

मी शाल ओढून घेतली तेव्हा कोपरा हाताला लागला. टोकाला दोरा गुंडाळलेला. आत दोन लवंगा. गाठ मी नखानं शोधली.

सबनीसांना काही सांगितलं नाही... सांगणार काय? त्यांना बिचाऱ्यांना कागद पुरा करायचा होता. 'नवीन' हा शब्द खोडून वर 'वापरलेली' लिहिलं, सही केली आणि खाली मान घालून म्हणाले, "मग जकात लागणार नाही."

शाल माझ्याकडे आहे. ती गाठ मी सोडलेली नाही, आणि सोडायला गेले तरी सुटणार नाही. प्रभाकर म्हणतो, गोदामातल्या कुणी बाईनं पांघरली असेल, लाखेचं सील पुन्हा करता येतं, लवंगा काय कुणीही बांधतं. मीही विद्यार्थ्यांना हेच सांगितलं असतं. मग गिरणीतल्या वाइंडिंगची गाठ त्या बाईला कुठून आली आणि माझ्या आईची हुडहुडी कशानं थांबली, एवढंच मी त्याला विचारते. तो विषय बदलतो.

खुलासा माझ्याजवळ नाही. ती शाल तिच्यापर्यंत पोचवायला दाखला, सही, ठसा यातलं काहीच लागलं नाही. आणि मला राग त्याचाच येतो... ती तिच्या अंगावर मी घालायला हवी होती. तिनं ती पांघरली तेव्हा मी दोन हातांवर होते, आणि मला दिसली नाही.