कार्ड बंद करा म्हणालो आणि त्यांनी केलं

माझ्याकडे एक क्रेडिट कार्ड होतं. काळं, जाड, हॉटेलच्या टेबलावर ठेवलं की टक्कन आवाज करणारं. त्या आवाजासाठीच मी ते घेतलं, असं बायकोचं मत आहे आणि ते खोडून काढायला माझ्याकडे आजही काही नाही. विमानतळावरच्या लाउंजमध्ये त्या कार्डावर फुकट जेवता यायचं. मात्र वर्षभरात मी एकदाही विमानात बसलो नाही. पहिल्या वर्षाची फी माफ होती. दुसऱ्या वर्षाची फी किती आहे ते अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि मला नुकताच चष्मा लागला होता.

वर्षभर मी पेट्रोल, किराणा, मुलीच्या क्लासचे पैसे, इतकंच काय सोसायटीतल्या लोकांची गॅस शेगडीसुद्धा त्या कार्डावर घेतली आणि पॉइंट साठवले. लोक मला रोख द्यायचे, मी कार्ड घासायचो. बायको म्हणायची, दुसऱ्यांच्या शेगड्यांवर तुमचं काय शिजतंय ते एकदा कळू दे.

शिजलं ते असं. हैदराबादला माझी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, बाथरूममध्ये पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आईला तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं. मनमाडहून रात्रीची गाडी होती, पण आईचे गुडघे असे की सिनेमाला नेलं तरी मध्यंतरात दोघांनी धरून उठवावं लागायचं. मी छाती काढून जाहीर केलं की आई विमानाने जाईल, ओझरच्या विमानतळावरून थेट, आणि तेही फुकट. पॉइंटांवर तिची जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटं निघाली. पंधरवड्याने परत. त्या दिवशी घरात माझा असा काही मान झाला की मला आमटी दुसऱ्यांदा मागावी लागली नाही.

आता राहिली फी. कार्ड कधी बंद करायचं, हे द्राक्षं कधी उतरवायची तसं आहे. लवकर उतरवली तर आंबट, थांबलं तर पाऊस. पॉइंट वापरायच्या आधी बंद केलं तर पॉइंट गेले, वर्ष उलटू दिलं तर फी पडली. आणि माझं वर्ष उलटत होतं ते नेमकं आई हैदराबादला असताना. जाण्याचं तिकीट वापरून झालेलं, येण्याचं अजून बाकी.

बायको म्हणाली, "अहो, भरून टाका ना फी. आई आल्या की बंद करा." इतकं सरळ कुणी सांगितलं की मला ते पटत नाही.

माझा बेत वेगळा होता. आई मूळची नामपूरची. भाजी कशी घ्यायची ते तिने मला तिथल्या बाजारात शिकवलं. भाव ऐकायचा, नाक मुरडायचं आणि निघायचं. मात्र निघताना पाय ओढत निघायचं आणि कान मागे ठेवायचे. भाजीवाली हाक मारतेच. मी बँकेला हेच करणार होतो. कार्ड बंद करायला सांगायचं, ते घाबरतील, फी माफ करतील, आणि आई येईपर्यंत कार्ड चालू राहील.

फोनवर एक गोड आवाजाची मुलगी आली. मी रुबाबात म्हणालो, "फी माफ होत असेल तर ठेवतो, नाहीतर बंद करून टाका."

"ठीक आहे सर."

मी पाय ओढत थांबलो. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सर, आपलं कार्ड बंद झालेलं आहे. आणखी काही मदत करू शकते?"

मी विचारलं की काही ऑफर वगैरे नसते का अशा वेळी. तिने सांगितलं की आपल्या कार्डावर सध्या काही नाही. मग माझा आवाज आपोआप लहान झाला आणि मी पॉइंटांवर काढलेल्या तिकिटाचं विचारलं. कार्डाचे सगळे लाभ बंद होतील, असं ती म्हणाली. तिकीट हा लाभ धरतात का, असं मी विचारलं. त्यावर तिने एअरलाइनशी बोलायला सांगितलं. एअरलाइनवाल्याने सांगितलं की ज्यांनी तिकीट काढलं त्यांनाच विचारा. तिकीट काढलं होतं बँकेच्या पॉइंटांच्या साइटवर, आणि तिथे माझा पासवर्ड आता चालत नव्हता.

एअरलाइनच्या साइटवर नंबर टाकला की तिकीट पक्कं दिसायचं. मी ते दिवसातून इतक्या वेळा पाहायचो की अंबडच्या आमच्या कारखान्यात, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलंच, कुठली लॉटरी लागलीय. हा माणूस कार्डांच्या बाबतीत आमच्या ऑफिसातला जाणकार. मी सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"दिसतंय रे," तो म्हणाला, "पण आहे का?"

त्याच्या कुणा ओळखीच्याचं हॉटेलचं बुकिंग असंच शेवटपर्यंत दिसत होतं म्हणे, आणि काउंटरवर गेल्यावर नव्हतं.

या एका वाक्याने मला जे धरलं ते सोडेना. आईला मी ओळखतो. वडील असेपर्यंत ती एकटी कुठे गेलीच नाही. इंदिरानगरमध्ये इतकी वर्षं राहूनही घाबरली की ती अहिराणीत बोलते, आणि तिचं हिंदी म्हणजे टीव्ही मालिकांतलं, तेही सासूचं. जाताना ओझरला मी तिला एका कुटुंबाच्या हवाली केलं होतं. तिकडून येताना तिला कुणाच्या हवाली करणार? मावसभाऊ दारापर्यंत सोडणार आणि कामावर जाणार. आत काउंटरवर ती उभी आहे, समोरची मुलगी मान हलवतेय, आणि आईला मागे फिरायचं दारसुद्धा सापडत नाहीये, हे चित्र मला मुंबई नाक्याच्या सिग्नलला दिसायचं, मशीनच्या ऑर्डरवर सही करताना दिसायचं. एकदा तर दाढी करताना दिसलं आणि हनुवटी कापली. आई रोज फोनवर विचारायची, "जेवना का तू?" आणि मी हो म्हणायचो, घास न उतरलेला असताना.

शेवटी मी घाबरलेल्या हुशार माणसाने करावं ते केलं. त्याच विमानाचं, आईच्याच नावाने दुसरं तिकीट काढलं. एक गेलं तर एक राहील. दाराला दोन कुलपं लावल्यासारखं वाटलं. या तिकिटाचा खर्च फीच्या वर गेला, म्हणून बायकोला सांगितलं नाही. आईला सांगायचा तर प्रश्नच नव्हता, ती उगाच घाबरली असती.

ती यायच्या दिवशी मी बायकोला घेऊन बराच आधी ओझरला पोचलो. आईचा फोन बंद. जाताना विमानात फोन बंद करायला सांगितला होता, म्हणून या वेळी तिने तो मावशीच्या घरातूनच बंद करून आणला असणार. मावसभावाने दारात सोडल्याचं कळवलं होतं. त्यानंतर काही नाही. मी पार्किंगमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारत होतो आणि बायको आत बसून मला आरशात बघत होती.

तेवढ्यात अनोळखी नंबर वाजला. बाईचा आवाज, घाईतला. "सर, आप इनके बेटे? आपकी मदर बोर्ड नहीं कर रही हैं."

तिकीट नाही का, म्हणून मी ओरडलोच. तिकीट होतं. बोर्डिंग पास हातात होता. सगळे प्रवासी आत गेले होते आणि आई गेटसमोरच्या खुर्चीवर बसून होती. शेजारच्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवून जागा धरली होती. मुलगा येतोय, तो आल्याशिवाय मी जाणार नाही, एवढंच ती सगळ्यांना सांगत होती. त्यांच्या एका माणसाने माझं नाव पुकारत फेरीसुद्धा मारली म्हणे. हैदराबादच्या विमानतळावर माझ्या नावाने हाका, आणि मी इकडे ओझरला टायरला टेकून उभा.

"उन्हें फोन दीजिए," मी म्हणालो.

"कुठं शे तू?" आईचा आवाज पातळ झाला होता.

"आई, मी ओझरला आहे. तू विमानात बस."

"ओझरले? मंग हाई दुसरं तिकीट कोनं शे?"

मला सगळं एकदम कळलं. काउंटरवरच्या मुलीने तिला दोन तिकिटं असल्याचं सांगितलं असणार. दोन्हींवर नाव तिचंच होतं, पण इंग्रजी तिला वाचता येत नाही. दोन तिकिटं म्हणजे दोन माणसं. एक ती, दुसरा मी, तिला न्यायला आलेला. मागून ती बाई म्हणत होती, मॅम, गेट बंद हो रहा है.

खरं सांगायचं तर फी, पॉइंट, गोड आवाजाची मुलगी, अंबडचा जाणकार, सगळं सांगावं लागलं असतं. तेवढ्यात ते विमान आईशिवाय ओझरला उतरलं असतं.

"माझंच होतं आई," मी म्हणालो. "तुला न्यायला येणार होतो. ऑफिसातून निघता आलं नाही."

मग, "सांगाले काय व्हयनं व्हतं तुले?" आणि फोन तुटला.

बसली की नाही, कळायला मार्ग नव्हता. तो नंबर परत कुणी उचलला नाही. बायकोने काच खाली केली. "येणार होतात?" तिने विचारलं. मी विमान येतं त्या दिशेला बघत राहिलो. तिने काच वर केली.

विमान आलं. माणसं बाहेर येऊ लागली, ट्रॉल्या, लहान मुलं, टोप्या. मग कमी झाली. मग दार नुसतंच उघडझाप करू लागलं. बायकोने माझा दंड धरला, तो आधारासाठी की मी कुठे पळून जाऊ नये म्हणून, ते विचारायचं राहिलं.

आई सगळ्यात शेवटी आली. हळूहळू, भिंतीच्या कडेने. मला पाहिलं आणि थांबली. मला वाटलं आता बोलणी बसणार. तिने पिशवी बायकोकडे दिली, माझ्याजवळ आली आणि दोन्ही हातांनी माझे खांदे, दंड, मनगटं चाचपली. हनुवटीवरच्या ब्लेडच्या खुणेवर तिचा अंगठा थांबला.

"हे काय?"

"दाढी करताना लागलं."

तिने ते मानलं की नाही, कोण जाणे. गाडीत मागे बसल्यावर ती सावकाश सांगू लागली. दुसरं तिकीट आहे म्हणजे तू निघालेला आहेस. निघालेला आहेस आणि पोचला नाहीस. म्हणजे रस्त्यात काहीतरी झालं. ती त्या बाईला सांगत होती, विमान थांबवा, आधी माझा मुलगा कुठे पडलाय ते बघा. बाईला ते कळत नव्हतं आणि ती तेच तेच परत सांगत होती.

"मी कशी बसणार होते रे विमानात," आई म्हणाली, "तू नसताना घरी येऊन काय करू?"

मी त्या वेळी सगळं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण आईने फोन चालू केला होता आणि मावशीला लावला होता. नीट पोचले, म्हणाली. आणि मग आवाज जरा चढवून, मला ऐकू जाईल असा, अहिराणीत सांगू लागली की पोरगा मला न्यायला येणार होता, तिकीटही काढलं होतं त्याने, ऑफिसवाल्यांनी सोडलं नाही. मावशीने पलीकडून काहीतरी कौतुक केलं. आई हसली. त्या दिवसात पहिल्यांदा.

फोन ठेवून ती पुढे वाकली.

"पुन्हा यायचं ठरवलंस तर मला आधी सांग. माझ्याच्यानं परत असं बसून राहवणार नाही."

"हो," मी म्हणालो.

आडगाव मागे पडलं तरी मी गाडी तिसऱ्या गिअरमध्येच चालवत होतो, आणि एरवी लगेच टोकणारी बायको माझ्या हनुवटीकडे बघत होती.