ओल्या गणपतीचा डोळा

पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी दारावरच्या ओल्या गणपतीचा डोळा नखानं खरवडला.

मी कळंबला शाळेत इतिहास शिकवतो, पण नाद चित्रांचा. घरात चित्रकारांवरची जाडजूड पुस्तकं आहेत. कुणाच्या समईचा उजेड बाईच्या गालावर कसा उतरतो, कुणाच्या एका रेघेत अख्खा बैल कसा उभा राहतो, यावर मी जेवणाऱ्याचा घास थांबवून बोलतो. अशा माणसाला ईट गावात, थोरल्या भावाच्या घराच्या भिंतीवर, भूम गावचा पेंटर काय दाखवणार?

भावाला फ्लेक्स लावायचा होता. पुतणी अडून बसली, "आत्याच्या लग्नात होती तशी हातानं रंगवलेली भिंतच पायजे." म्हणून हा साठीतला पेंटर आला. आल्या आल्या त्यानं दाराभोवती पोत्यांचा पडदा टांगला आणि आत शिरला. मला तिथंच लबाडीचा वास आला. हातानं काढणारा माणूस लपवेल कशाला?

दुपारी वाळलेले दोन हत्ती त्यानं उघडे केले, दाराच्या दोन्ही अंगांना एकेक. हुबेहूब सारखे. छापा! चहा द्यायच्या निमित्तानं मी त्याची पिशवी चाचपली. ब्रश, खडू, दोरी, चिंध्या. छापा नव्हता. मग स्टिकरच असणार. भावाच्या कानाला लागलो.

"स्टिकर निघाला तर आत्ताच वाटंला लावतो त्याला," भाऊ म्हणाला. "फ्लेक्स काय, तासात येतो."

पुतणीनं ऐकलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

पेंटर जेवायला बसला. मी पोतं उचललं. चौकटीवर गणपती, डोळे लख्ख. कड सुटते का बघायला नख लावलं, तर डोळा सोंडेपर्यंत फराटला. पोतं सोडलं, बोट पायजम्याला पुसलं. पायजमा पांढरा होता.

"गुरुजी, हात कुणी लावला?" पेंटरनं येऊन विचारलं.

"वाऱ्यानं पोतं घासलं असंल."

त्यानं माझ्या पायजम्याकडं बघितलं आणि सगळी पोती काढून टाकली. "बघा आता समोर बसून. रस्त्याची धूळ बसती वल्या रंगावर, म्हणून पोतं. दुसरं काय न्हाय."

चिंधीनं फराटा पुसला, श्वास रोखला, एका दमात डोळा काढला. मग रस्ता ओलांडून गेला, डोळे बारीक करून बघितलं, परत येऊन बाहुली केसभर खाली घेतली. गणपती दारात येणाऱ्याकडं बघायला लागला.

तरी मी हटेना. "हत्ती एवढे सारखे कसे मग?"

त्यानं दोरी माझ्या हातात दिली. "मोजा."

मोजले. डावा चार बोटं उंच!

"ओटा त्या अंगाला उतरता हाय, गुरुजी. सारखं काढलं तर एक हत्ती खचल्यावानी दिसतो."

म्हणजे रस्त्यावरून सारखे दिसावेत म्हणून हत्ती वेगळे काढायचे, आणि ते कुणाला कळूही द्यायचं नाही. माझ्या आवडत्या चित्रकारांत तो त्याच क्षणी पहिला जाऊन बसला. हे त्याला नीट समजावून सांगावं म्हणून मी घसा साफ केला, भिंतीला हात टेकायला गेलो, तर पुतणीनं मनगटच धरलं.

"काका, तुमी पुस्तकातलीच चित्रं बघत जावा. तिथला रंग वाळलेला असतो."