चिंचेतला अकरा नंबर

कच्छच्या सहलीतून मी अकरा जीवाश्म आणले. दहांची ओळख पटली, वहीत नोंद झाली. अकरावा साधा शिंपला की तसाच दिसणारा ब्रॅकिओपॉड, हे ठरेना. ब्रॅकिओपॉडच्या चोचीला, म्हणजे कवचाच्या निमुळत्या टोकाला, बारीक भोक असतं, आणि याच्या चोचीवर घट्ट माती बसलेली. तो वाटीभर पाण्यात भिजत घालून मी बँकेत गेले.

परतले तेव्हा शिंदखेड्याहून आलेली अक्का, माझी मोठी बहीण, देव घासत होती. पितळी बाळकृष्णाशेजारी, चिंचेच्या कोळात, माझा अकरा नंबर फेसाळत होता.

"अक्का, तो दगड आहे."

"दगड शे? माले वाटनं गणपतीनी सुपारी शे. देख, बठ्ठा मळ निंघी गया."

चुनखडीच्या जीवाश्माला आंबट लावायचं नसतं, हा माझा पहिला नियम. घाईने तो नळाखाली धरला. वरच्या रेषा पुसट झाल्या होत्या, पण चोचीवरची माती गेली होती आणि तिथे छोटंसं गोल भोक दिसत होतं. ब्रॅकिओपॉडच होता.

"पुन्हा हात लावू नकोस," एवढंच मी अक्काला म्हटलं. भोकाचं सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत बाकीचे दहाही तिने चकचकीत केले असते.